डिझेल गाडीचा टर्बो बदलून रिमॅप करायचा आहे: आरटीओचे नियम, पात्रता आणि कागदपत्रे

डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) निकामी झाला की गॅरेजमध्ये हमखास एक सूचना येते: खर्च होतोच आहे, तर थोडा मोठा टर्बो बसवू आणि वर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप करून, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून घेऊ. ही सूचना मान्य करण्यापूर्वी कागदोपत्री बाजू समजून घेणे आवश्यक आहे, कारण जुना टर्बो उतरवल्यानंतर मालकापुढचे पर्याय फार कमी होतात. अनेकांचा समज असा असतो की आरटीओत एखादा फॉर्म भरून, शुल्क देऊन वाढीव ताकदीची नोंद आरसीवर करून घेता येते. खासगी गाडीच्या मालकासाठी असा मार्ग सध्याच्या कायद्यात नाही, आणि पुढील सर्व माहिती याच मुद्द्याभोवती फिरते.

आधी रिमॅपची गरज का पडते ते पाहू. मूळ टर्बोच्या जागी जास्त हवा देणारा टर्बो बसवला, तरी किती डिझेल सोडायचे, रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) किती दाब ठेवायचा आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कोणत्या मर्यादेत राखायचा, हे ईसीयूमधील जुने नकाशेच (आकड्यांचे तक्ते) ठरवतात. अपेक्षेपेक्षा जास्त बूस्ट दिसला की ईसीयू बिघाड समजून गाडीची ताकद कमी करतो. मूळ टर्बो स्थिर भूमितीचा असेल आणि नवा बदलत्या भूमितीचा (पात्यांचा कोन बदलू शकणारा) असेल, तर त्याच्या पात्यांवर नियंत्रण ठेवण्याची सोयच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नसते. म्हणून मोठा टर्बो आणि रिमॅप ही प्रत्यक्षात दोन वेगळी कामे नसून एकच काम आहे, आणि कायद्याच्या नजरेतूनही त्यांचा विचार एकत्रच करायला हवा.

आपल्याकडे याचे सर्वात परिचित उदाहरण फियाटच्या 1248 सीसी मल्टिजेट इंजिनाचे आहे. हे इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आले. काहींत स्थिर भूमितीच्या टर्बोसह 75 पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक एकक), तर काहींत बदलत्या भूमितीच्या टर्बोसह 90 पीएस. इंजिनाची क्षमता तीच असल्यामुळे 75 पीएसच्या गाडीवर 90 पीएसचा टर्बो बसवण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या तो अशक्यही नाही. पण ती गाडी ज्या स्वरूपात चाचणी होऊन मंजूर झाली, ते स्वरूप 75 पीएसचे होते, आणि नोंदणीच्या तपशिलात सीसीप्रमाणेच अश्वशक्तीचाही रकाना असतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात, केरळमधील एका प्रकरणात, हीच मर्यादा स्पष्टपणे अधोरेखित केली. त्यानंतर त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम 182अ आणले, ज्यात अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. येथे ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

काही ट्यूनर असा युक्तिवाद करतात की कलम 52 मध्ये ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील, त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा फेरफार, आणि सॉफ्टवेअर म्हणजे काही रचना नव्हे. केवळ रिमॅपच्या बाबतीत हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मात्र जेव्हा वेगळ्या आकाराचा टर्बो बसलेला असतो, अश्वशक्ती वाढलेली असते आणि धुराचे गणित बदललेले असते, तेव्हा या युक्तिवादावर विसंबून राहणे माझ्या मते धोक्याचे आहे.

कायद्यात बदलाला वाव मुळीच नाही असे नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवण्यास याच कलमात परवानगी आहे. त्यासाठी किटची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 मध्ये नमूद केलेल्या संस्थेकडून झालेली असावी लागते. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही त्यांपैकीच एक. मंजूर किट, अधिकृत वर्कशॉप आणि त्यांनी दिलेली प्रमाणपत्रे यांच्या आधारे आरटीओ आरसीवर नोंद करते. मोठा टर्बो आणि त्याचा नकाशा यांच्यासाठी अशी तयार साखळी उपलब्ध नाही, आणि एकट्या मालकाने आपल्या एका गाडीसाठी ती उभी करणे व्यवहार्य नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीत वॉरंटी अबाधित राहण्याची जी तरतूद आली, ती केंद्र सरकारने विहित केलेल्या बदलांपुरतीच आहे. खासगी रिमॅपला तिचा आधार घेता येत नाही.

मग टर्बो खराब झालेल्या मालकाने काय करावे? मूळ क्रमांकाचा किंवा उत्पादकाने त्याच्याऐवजी नेमून दिलेला टर्बो बसवून ईसीयूमध्ये कंपनीचे सॉफ्टवेअर कायम ठेवणे ही निव्वळ दुरुस्ती आहे. त्यासाठी आरटीओकडे कोणताही अर्ज करावा लागत नाही. तरीही टर्बोचा पार्ट नंबर लिहिलेले जीएसटी बिल, वर्कशॉपचे जॉब कार्ड आणि कामानंतर नव्याने काढलेली पीयूसी एकत्र जपून ठेवावी, कारण विम्याचा दावा आला किंवा गाडी विकायची झाली की प्रश्न याच कागदांवरून विचारले जातात.

टर्बो फुटून त्याचे तुकडे किंवा तेल इंजिनात गेले आणि संपूर्ण इंजिनच बदलावे लागले, तर मात्र अर्ज अनिवार्य आहे, कारण इंजिन क्रमांक आरसीवर असतो. नवे इंजिन त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे असावे, आणि शक्यतो काम सुरू करण्यापूर्वीच आपल्या आरटीओची लेखी मंजुरी घ्यावी. मंजुरीशिवाय बदल झालेला असल्यास तो 14 दिवसांच्या आत, मालक जेथे राहतो त्या क्षेत्राच्या नोंदणी प्राधिकाऱ्याला आरसीसह कळवणे कलम 52 नुसार बंधनकारक आहे. अर्ज परिवहन पोर्टलवर वाहन क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक देऊन सुरू करता येतो. ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवरच येतो, त्यामुळे जुना क्रमांक बंद झाला असेल तर तो आधी अद्ययावत करून घ्यावा. अर्जासोबत सामान्यतः मूळ आरसी, वैध विमा आणि पीयूसी, नव्या इंजिनाचे बिल, चेसिस व इंजिन क्रमांकाचे पेन्सिल प्रिंट आणि मालकाच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा लागतो. इंजिन वापरलेले असेल तर ते ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रत आणि ते वाहन चोरीचे नसल्याचा पोलिसांकडील अहवाल मागितला जातो. भंगार बाजारातून बिलाविना घेतलेली इंजिने नेमकी याच टप्प्यावर अडकतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र जोडावे. त्यानंतर गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते आणि निरीक्षकाने क्रमांक पडताळल्यावर नोंद बदलते.

पीयूसीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ‘पीयूसी पास आहे, म्हणजे रिमॅप नियमात बसतो’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घेतली जाते आणि त्यात फक्त धुराची घनता मोजली जाते. बीएस-4 (भारत स्टेज 4 या प्रदूषण मानकाच्या) गाडीसाठी ही मर्यादा प्रति मीटर 1.62, तर त्याआधीच्या गाड्यांसाठी 2.45 आहे. या चाचणीत इंजिनावर घाटातला किंवा ओव्हरटेकिंगचा भार नसतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे रिमॅप केलेली गाडी या चाचणीतून सुटू शकते आणि तरीही रस्त्यावर मंजूर मानकांपेक्षा कितीतरी जास्त प्रदूषण करू शकते. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करणारे किंवा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकणारे रिमॅप तर कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. प्रदूषण मानकांच्या उल्लंघनासाठी कलम 190(2) मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय परवान्यावर तीन महिन्यांची अपात्रता अशी वेगळी तरतूद आहे. आपल्या मागे शाळेच्या रिक्षात बसलेली मुले तोच धूर श्वासात घेत असतात, हे दंडाच्या रकमेपेक्षाही महत्त्वाचे आहे.

ज्यांच्या गाडीत असा बदल आधीच झालेला आहे, त्यांनी मूळ प्रकारचा टर्बो परत बसवावा आणि ईसीयूमध्ये कंपनीचे सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पुन्हा भरून घ्यावे. ट्यूनरने मूळ फाइलची प्रत ठेवली असली तरी तीवर अवलंबून राहू नये. मधल्या काळात विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण गाडीतील महत्त्वाचा बदल न कळवल्यास स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. गाडी पूर्ववत झाल्यावर बिल, जॉब कार्ड आणि नवी पीयूसी यांच्या प्रती त्याच पत्राच्या संदर्भाने विमा कंपनीकडे पाठवाव्यात आणि त्यावर पोच घ्यावी.