नांगरणीच्या गाण्यापासून व्हायोलिनपर्यंत : एका आर्मेनियन जोडीची पार्श्वभूमी

सर्गेई खाचात्रियान व्हायोलिन वाजवतो आणि त्याची थोरली बहीण लुसिने पियानो. दोघांचा जन्म येरेवानचा. सर्गेईने २००० साली हेलसिंकीतली सिबेलियस स्पर्धा आणि २००५ साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. आर्मेनियन नरसंहाराला शंभर वर्षे झाली त्या २०१५ साली या भावंडांनी ‘माय आर्मेनिया’ हा अल्बम काढला. त्यात खाचातुरियान आणि बाबाजान्यान या आर्मेनियन संगीतकारांच्या रचना आहेत आणि लोकगीतं गोळा करणाऱ्या कोमितासची गाणीही. शेतात, अंगणात गायलेली गाणी या दोन युरोपीय वाद्यांवर इतकी सहज कशी बसली, हे समजायला कोमितासपाशीच जावं लागतं.

त्याचं मूळ नाव सोघोमोन सोघोमोन्यान. जन्म १८६९ चा, ऑटोमन साम्राज्यातल्या क्युताह्या गावचा. आईबाप लहानपणीच गेले. १८८१ साली आवाज चांगला म्हणून या अनाथ मुलाला एचमियाद्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मपीठातल्या शाळेत नेलं, तेव्हा त्याला आर्मेनियन बोलता येत नव्हतं. येत होती ती फक्त तुर्की. धर्मगुरूंसमोर त्याने आर्मेनियन स्तोत्र गायलं ते शब्दांचा अर्थ न कळता. पुढे तो तिथेच भिक्षू झाला आणि सातव्या शतकातल्या एका कवी-धर्मगुरूचं ‘कोमितास’ हे नाव त्याला मिळालं.

शाळेत तो एक स्वरलेखन शिकला. आर्मेनियन चर्चमध्ये मध्ययुगापासून ‘खाझ’ नावाची चिन्हं होती, पण ती वाचण्याची किल्ली हरवली होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलच्या हांबार्दझुम लिमोंजियानने नवी, भरभर लिहिता येणारी लिपी घडवली. तीच घेऊन कोमितास गावोगाव हिंडला. लोरी भागातलं नांगरणीचं गाणं लिहून घेताना त्याने बैलांना घातलेले हाकारेसुद्धा सोडले नाहीत. साधारण त्याच काळात आपल्याकडे भातखंडे बंदिशी गोळा करत फिरत होते. कोमितासने टिपलेली गाणी हजारोंच्या घरात होती. हाती उरली ती साधारण बाराशे.

१८९६ ते १८९९ तो बर्लिनमध्ये पाश्चात्त्य संगीत शिकला. खरा पेच परतल्यावर होता. आर्मेनियन स्वररचना सप्तकात बंद होत नाही. ती चार-चार स्वरांच्या साखळीने वर चढते आणि एका कडीचा शेवटचा स्वर हाच पुढच्या कडीचा पहिला असतो. आपल्या सरगमात मांडायचं तर सा रे ग म. मग म प ध आणि कोमल नी. मग त्या कोमल नीपासून पुढे सा, रे आणि कोमल ग. म्हणजे खाली शुद्ध असलेला गंधार वर कोमल होतो! अशा चालीखाली युरोपातली ठरलेली मेजर-मायनर स्वरसंगती, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, घातली की चाल गुदमरते. कोमितासने ती घातली नाही. कुठे एकच स्वर धरून ठेवला, कुठे चालीला चौथ्या-पाचव्या स्वराची विरळ जोड दिली, कुठे गाण्याचाच तुकडा दुसऱ्या आवाजात फिरवला. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी गोष्ट हा संयम आहे.

धरून ठेवलेला स्वर त्याला शोधावा लागला नाही. जर्दाळूच्या लाकडाचं दुदुक हे फुंकून वाजवायचं आर्मेनियन वाद्य जोडीनेच वाजतं : एक वादक चाल वाजवतो आणि दुसरा ‘दाम’, म्हणजे अखंड एक स्वर. तंबोऱ्याशी कान जुळलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं. पियानोसाठी लिहिलेल्या नाचांतही कोमितासने तार (हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य), डफ अशा वाद्यांची आठवण स्वरलिपीतच नोंदवली आहे. लुसिनेच्या हाताखाली पियानो कधीकधी छेडलेल्या तारेसारखा कोरडा आणि नेमका लागतो, त्यामागे हे आहे.

२४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली. त्यात कोमितासही होता. त्याला चांकिरीला नेलं आणि थोड्याच दिवसांत सोडलं, पण मन परत आलं नाही. १९१६ पासून तो रुग्णालयांतच राहिला, १९१९ पासून फ्रान्समध्ये. १९३५ साली तो तिथेच वारला. पुढच्या वर्षी त्याचा देह येरेवानला आणला.

गाणी मात्र वाद्यांवर उतरू लागली होती. चेलोवादक सर्गेई असलामाझ्यानने ती चार तंतुवाद्यांसाठी बांधली आणि त्याच्या चौकडीनेच कोमितासचं नाव घेतलं. १९५२ सालच्या बाबाजान्यानच्या त्रयीत, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीच्या रचनेत तर लोकगीत वेगळं काढून दाखवता येत नाही, इतकं ते मुरलेलं आहे.

कोमितासच्या गाण्यांतलं एक ‘क्रुंक’, म्हणजे क्रौंच पक्षी. परदेशी अडकलेला माणूस त्याला विचारतो, माझ्या मुलखाची काही खबर आहे का? व्हायोलिनवर शब्द नसतात, तरी प्रश्न तसाच ऐकू येतो. व्हायोलिनच्या आधी अशी जोडी जमली होती ती माणसाच्या गळ्याची आणि पियानोची. १९१२ साली पॅरिसमध्ये आर्मेनाक शाह-मुराद्यान गायला आणि ते ध्वनिमुद्रित झालं. ते आजही ऐकता येतं. पियानोवर स्वतः कोमितास आहे.