मलय तलवारींच्या ओळखीचा गुंता

मलय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओचा किनारा आणि सुलू बेटे या पट्ट्यातील एखादी जुनी तलवार कुठली व केव्हाची, हे ठामपणे सांगणे अवघड असते, कारण तिचे पाते, मूठ आणि म्यान हे तीन भाग पुष्कळदा एकाच ठिकाणी किंवा एकाच काळात घडलेले नसतात. पाते पिढ्यान् पिढ्या वारशाने उतरत असे, मूठ मालकाच्या ऐपतीप्रमाणे बदलली जाई आणि लाकडी म्यान तर त्या दमट हवेत फार टिकतच नसे. म्हणून या तिन्ही भागांचा इतिहास वेगवेगळा तपासावा लागतो.

या सरमिसळीची सुरुवात व्यापारातून झाली. पंधराव्या शतकात मलाक्काच्या बंदरात गुजराती, तमिळ, जावानी आणि चिनी व्यापारी एकत्र येत असत. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कने 1511 मध्ये मलाक्काही जिंकले आणि 1641 मध्ये डचांनी ते घेईपर्यंत तेथील पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अधिकाराखाली राहिला. पोर्तुगीजांना टाळणारे मुसलमान व्यापारी मिऱ्यांसाठी सुमात्राच्या उत्तर टोकावरील आचेकडे वळले आणि आचेचा गुजरातशी व तांबड्या समुद्राशी संबंध घट्ट झाला. आचेच्या पेउदेउंग या तलवारीची वाटीदार मूठ भारतीय तलवारीच्या मुठीशी जवळचे नाते सांगते, ते या संबंधांमुळेच. पुढे सुमात्राच्या डोंगराळ भागातील बाटाक लोकांच्या पिसो पोडांग या तलवारीवर तीच घडण पितळेत उतरलेली दिसते आणि तिचे पाते कधी कधी युरोपीय निघते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण मराठ्यांच्या फिरंगीचे पातेही युरोपातून आलेले आणि मूठ इथली असे. त्यामुळे केवळ वाटीदार मूठ पाहून तलवार ‘भारतीय’ ठरवणे घाईचे होते. उलट आचेचीच सिकिन पांजांग ही अरुंद, सरळ, एकधारी तलवार दुभंगलेल्या मुठीवरून चटकन ओळखू येते. हातरक्षक तिला नसतोच.

सर्वांत जास्त बारकावे केरिस सुंडांगमध्ये आहेत. केरिस ही मुळात भोसकण्याची कट्यार. परंतु दक्षिण फिलिपिन्समधील सुलू आणि मिंडानाओच्या मोरो या मुसलमान लोकांमध्ये ती वाढत जाऊन वार करण्याची दुधारी तलवार झाली. पाते सरळ असो वा नागमोडी, पाहायचे असते ते त्याच्या बुंध्याशी. जुन्या नमुन्यांत तेथे आडवा, स्वतंत्र लोखंडी तुकडा बसवलेला असतो, तर विसाव्या शतकातील अनेक नमुन्यांत हा जोड नाहीसा होऊन त्या जागी फक्त कोरलेली रेघ उरते. मुठीला पाते जखडणाऱ्या पट्ट्या लोखंडाच्या, पितळेच्या, चांदीच्या किंवा सोने आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांवरून मालकाच्या दर्जाचा अंदाज येतो, पात्याच्या वयाचा नव्हे. हा फरक विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

बोर्निओतील बांजारमासिनच्या परांग नाबुर या तलवारीला शिंगाची किंवा हाडाची मूठ आणि जहाजी तलवारीसारखा पितळी हातरक्षक असतो.

एकोणिसाव्या शतकातील युद्धांनी गुंता आणखी वाढवला. 1873 मध्ये सुरू झालेल्या आचे युद्धातून असंख्य शस्त्रे विजयचिन्हे म्हणून नेदरलँड्सला गेली आणि ती कोणत्या गावची, कोणाची, हा तपशील वाटेतच गळाला. दुसरीकडे, 1890 मध्ये उभारलेल्या मारेशॉसे या डच वसाहती पथकाने क्लेवांग ही स्थानिक एकधारी तलवारच उचलली. हातरक्षक जोडून तिचे जे लष्करी रूप कारखान्यांत बनू लागले, त्यावरूनच पुढे अमेरिकी नौदलाची 1917 ची कटलास ही आखूड तलवार घडली. अशी कारखानी पाती आज ‘मलय तलवार’ म्हणून विकली जातात. युरोपीय संग्राहकांनी पाती घासून लखलखीत केली, तेव्हा लिंबाचा रस आणि सोमल यांच्या प्रक्रियेने उठणारी लोखंडाच्या थरांची नक्षीही पुसली गेली, म्हणजे ओळखीची एक महत्त्वाची खूणच गेली.

कागदपत्रे असली तरी वाद मिटतोच असे नाही. डचांविरुद्ध उठलेला जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो 1830 मध्ये पकडला गेला. त्याची केरिस डच राजाच्या संग्रहातून नेदरलँड्समधील लायडेनच्या संग्रहालयात गेली आणि तिथल्या इतर केरिसींत हरवल्यासारखी झाली. दिपोनेगोरोचा सेनानी सेंतोत आणि चित्रकार रादेन सालेह यांच्या लेखी टिपणांच्या आधारे ती निश्चित करून मार्च 2020 मध्ये इंडोनेशियाला परत करण्यात आली. मात्र कागदावर तिचे नाव ‘नोगो सिलुमान’ असे आहे आणि पात्यावर कोरलेला नाग त्या नावाच्या घडणीचा नसून ‘नागसास्रा’ या वेगळ्या प्रकारचा आहे, असा आक्षेप काही इंडोनेशियन जाणकारांनी लगेच घेतला.