कसाबची बिर्याणी: खुलासा जळगावच्याच वकिलांचा

नोव्हेंबरात जळगावकडे शेतांमध्ये भरीत पार्ट्या रंगू लागतात, आणि २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची २६ तारीख जवळ आली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपण तर कसाबला बिर्याणी खाऊ घातली!’

नाही घातली. ती गोष्ट रचली होती विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी, म्हणजे जळगावच्याच माणसानं. मार्च २०१५ मध्ये जयपूरला त्यांनी स्वतःच ते सांगितलं. खटला चालू असताना राखीपौर्णिमेला कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला बहीण आठवली, अशा बातम्या सुरू झाल्या. ती सहानुभूती मोडून काढायला निकमांनी पत्रकारांना सांगून टाकलं, कसाब मटण बिर्याणी मागतोय. प्रत्यक्षात त्यानं मागितली नव्हती, सरकारनं दिलीही नव्हती.

हेतू समजतो, पण थाप ती थापच. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली, तरी बिर्याणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेच आहे. हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना पोलीस तुकाराम ओंबळेंनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला आणि खटला उभा राहिला. बिर्याणीवर तावातावानं बोलणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव चटकन आठवतं, विचारून बघा.