तळघरातील पाणीगळती : शोध आणि दुरुस्ती

तळघराच्या भिंतींतून, तळातून किंवा त्यांच्या सांध्यांतून बाहेरच्या मातीतले पाणी आत झिरपणे म्हणजे तळघराची गळती. गच्चीच्या गळतीपेक्षा ही जात वेगळी. गच्चीवरचे पाणी उतार दिला की निघून जाते; तळघराला मात्र चारही बाजूंनी आणि खालूनही ओली माती वेढून असते आणि तिच्यातले पाणी दाबाने आत घुसते. भूजलपातळी तळाच्या १ मीटर वर आली, तर तळाच्या दर चौरस मीटरवर खालून सुमारे १ टन वजनाइतका रेटा येतो. आतल्या बाजूने मारलेला साधा ऑइल पेंट किंवा नुसता गिलावा अशा रेट्यापुढे टिकत नाही. काही दिवसांत फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात.

पाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. तळाचे काँक्रीट आधी ओततात आणि भिंतीचे नंतर, त्यामुळे दोन्हींमधला सांधा हे सर्वांत कच्चे ठिकाण. तिथे सांध्यातून पाणी जाऊ न देणारी रबर किंवा पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी घातली नसेल किंवा ती वाकडी बसली असेल, तर भिंतीच्या पायथ्याशी ओली रेघ दिसते. सेंट्रिंगच्या फळ्या आवळणाऱ्या सळ्यांची भोके, पाइप व केबल भिंतीतून जातात त्या जागा, काँक्रीट नीट न कुटल्याने राहिलेल्या पोकळ्या (हनीकोंब), सुकताना पडलेल्या उभ्या भेगा या इतर वाटा. विटांच्या किंवा दगडी भिंतीत चुना-सिमेंटने भरलेले सांधे (दरजा) उघडे पडले की पाणी तिथून येते. याशिवाय भेग नसतानाही दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ओल सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. ती वाळताना विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. लोणा हा पुरावा म्हणून फार उपयोगी आहे, कारण भिंत कोरडी असतानाही पाणी कुठवर पोचले होते ते तो दाखवतो.

दुरुस्तीतला खरा कस शोधात लागतो. पहिला प्रश्न, ही गळती आहे की दमट हवेचे थंड भिंतीवर धरलेले पाणी? त्यासाठी हाताच्या लांबीएवढा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवतात. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब धरले तर दोष हवेचा, आणि तिथे वॉटरप्रूफिंगवर खर्च करणे व्यर्थ आहे. दुसरा प्रश्न, पाणी पावसाचे की नळाचे? घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. काटा हलत राहिला तर पाइप फुटका आहे. सांडपाण्याच्या नळीबद्दल शंका असल्यास तीत रंग सोडून तो तळघरात उतरतो का ते पाहतात. वेळेची नोंदही बोलकी असते : पाऊस सुरू होताच येणारे पाणी बहुधा छपराचे किंवा अंगणाचे, पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी वाढणारे पाणी बहुधा भूजलाचे.

नेमका बिंदू हवा असेल तर बाहेरून होज पाइपने पाणी सोडून पाहतात. सुरुवात जमिनीलगत करून हळूहळू वर जायचे, नाहीतर वरून ओघळलेले पाणी सगळेच ठिकाण दोषी ठरवते. आत फरशी पुसून, सुकवून तिच्यावर कोऱ्या सिमेंटची पातळ भुकटी भुरभुरली, तर पाणी उमटते तिथे आधी टाचणीच्या डोक्याएवढा गडद ठिपका दिसतो. तो लगेच पेन्सिलने खुणावायचा, कारण थोड्याच वेळात सगळा भाग सारखाच ओला होतो. मात्र हा ठिपका म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा. ते भिंतीत शिरले ती जागा कित्येकदा दूर असते.

उपायाची सुरुवात घराबाहेर करावी. भिंतीलगतची भरणीची माती कालांतराने खचते, अंगणाचा उतार उलटा होऊन घराकडे वळतो आणि पन्हळीची नळी नेमकी तिथेच मोकळी होते. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५० मिमी उतार देणे आणि पन्हळीचे पाणी दूर सोडणे एवढ्यावर बरीच गळती थांबते. हे न करता थेट भेगेत रसायन भरणारे इंजेक्शनचे मशीन मागवणे ही नेहमीची चूक.

वाहती गळती बंद करायला झटपट आवळणारे प्लगिंग सिमेंट वापरतात. भेग छिन्नीने सुमारे २० ते २५ मिमी खोल अशी कोरायची की तोंड अरुंद आणि आतली बाजू रुंद राहील. मग भरलेले सिमेंट सहज निसटत नाही. तीन-पाच मिनिटांत ते घट्ट होते, म्हणून मूठभरच कालवून हातमोजा घातलेल्या तळव्याने दाबून धरावे लागते. जोर फार असेल तर मधे नळी ठेवून पाण्याला तात्पुरती वाट देतात, सभोवार भरून घेतात आणि नळी शेवटी बुजवतात. लांब भेगेसाठी पीयू ग्राउटिंग, म्हणजे भेगेत दाबाने पॉलियुरेथेन भरणे : भेगेच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने तिरकी भोके पाडून पॅकर (रसायन आत सोडायच्या तोट्या) बसवतात आणि खालून वर रसायन भरत जातात. पॉलियुरेथेन पाण्याशी संयोग होऊन फुगते, म्हणून ओल्या भेगेला ते चालते. इपॉक्सी हे चिकट रसायन भरले तर भिंत पुन्हा सांधली जाते, पण त्यासाठी भेग कोरडी आणि स्थिर हवी. आडवी भेग आणि आत आलेला फुगवटा दिसला तर मातीचा रेटा भिंत ढकलतो आहे. तिथे बांधकाम अभियंत्याशिवाय काही करू नये.

कायमच्या उपायांचे ब्रिटिश मानक बीएस ८१०२ तीन प्रकार करते : बाहेरून किंवा आतून बसवलेला अडथळ्याचा थर, स्वतःच पाणी अडवणारे काँक्रीट, आणि आत आलेले पाणी पोकळीतून गोळा करून उपसणारी रचना. थर बाहेरून बसवणे उत्तम, कारण पाण्याचा दाब त्याला भिंतीवरच दाबतो; पण त्यासाठी पायापर्यंत खोदावे लागते. खोदलेच आहे तर तळाशी खडीत छिद्रांची नळी घालून निचराही करून घ्यावा. तिसऱ्या प्रकारात खड्ड्यातला पंप पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटमुळे आपोआप सुरू होतो. त्याला बॅटरीची जोड हवी. मोठ्या पावसात वीज जाते तेव्हाच त्याची गरज असते.

तळघर पूर्ण भरले असेल तर आधी वीज बाहेरून तोडावी, नंतरच आत उतरावे. बाहेरची माती चिंब असताना सगळे पाणी एकदम उपसल्यास आतला आधार जाऊन भिंत कोसळू शकते किंवा तळ उचलला जाऊ शकतो. म्हणून फूटभर पाणी काढून भिंतीवर खूण करतात, रात्रभर थांबतात आणि पातळी पुन्हा चढत नसेल तरच पुढचे फूटभर उपसतात.