होशेयाच्या ग्रंथातील देवाची निष्ठा व इस्राएलाची बेइमानी

परमेश्वराने इस्राएल लोकांशी करार केला, लोकांनी तो मोडला, तरीही परमेश्वराने त्यांना टाकले नाही, हा हिब्रू बायबलमधील संदेष्ट्यांच्या लेखनाचा एक मुख्य धागा आहे. या कराराला नवरा-बायकोच्या नात्याचे रूप प्रथम ठळकपणे दिले ते होशेय या संदेष्ट्याने. त्याचा काळ साधारणपणे इ. स. पू. ७५० ते ७२५. त्याच्या नावाचा १४ अध्यायांचा ग्रंथ बारा लघुसंदेष्ट्यांच्या संग्रहात पहिला येतो. पुढे यिर्मया, यहेज्केल आणि यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध या सर्वांनी हे रूप उचलले.

होशेय उत्तरेकडील इस्राएल राज्यात बोलत होता. दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत या राज्याला बरकत होती. तो गेल्यावर घडी विस्कटली. शोमरोन ही राजधानी अश्शूर (असिरिया) साम्राज्याच्या हाती पडेपर्यंतच्या (इ. स. पू. ७२२) सुमारे पंचवीस वर्षांत सहा राजे गादीवर आले आणि त्यांतल्या चौघांचा खून झाला. दरबार कधी अश्शूरला खंडणी भरी, तर कधी मिसरकडे (इजिप्तकडे) मदत मागे. होशेय या राज्याला एफ्राईम म्हणतो आणि इकडून तिकडे फडफडणाऱ्या भोळ्या पारव्याची उपमा देतो. बेइमानी म्हणजे केवळ मूर्तिपूजा, असे त्याला वाटत नाही. परक्या राजांशी केलेले तह, गादीसाठी पाडलेले मुडदे, खोट्या शपथा, चोऱ्या हे सारे तो त्याच हिशेबात धरतो.

तरी मूळ दुखणे पावसाचे होते. त्या डोंगराळ मुलखातली शेती हिवाळी पावसावर चाले, आणि त्या भागातल्या मूळच्या कनानी लोकांच्या लेखी पाऊस देणारा देव बआल. शेतकरी परमेश्वराला नाकारत नव्हता. पेरणी साधावी म्हणून बआलाचेही करत होता. शोमरोनच्या उत्खननात मिळालेल्या, शाईने लिहिलेल्या खापरांवर परमेश्वराचे नाव गुंफलेली माणसांची नावे आहेत, तशीच बआलाचे नाव गुंफलेलीही आहेत. होशेयाला नेमके हेच सलते. धान्य, द्राक्षारस आणि तेल आपण दिले हे तिला, म्हणजे पत्नीरूपी इस्राएलाला, कळलेच नाही, आपणच दिलेले सोने-चांदी तिने बआलासाठी वापरले, असे परमेश्वर दुसऱ्या अध्यायात म्हणतो. तक्रार आहे ती देणाऱ्याला विसरल्याची.

ग्रंथाची सुरुवातच अवघड आज्ञेने होते : व्यभिचारी स्त्रीशी लग्न कर. होशेय दिब्लाइमची मुलगी गोमर हिच्याशी लग्न करतो. तीन मुले होतात, आणि त्यांची नावे म्हणजेच निकाल : येहू राजाने जिथे रक्तपात केला ते इज्रेल, लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया नाही ती, आणि लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हेत. तिसऱ्या अध्यायात होशेयाला दुसऱ्याच्या नादी लागलेल्या स्त्रीवर पुन्हा प्रेम करायला सांगितले जाते. ती गोमरच की दुसरी कोणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो तिला पंधरा शेकेल (वजनाचे माप) चांदी आणि दीड होमेर (धान्याचे माप) जव देऊन सोडवून आणतो. बायबलमधील निर्गम या ग्रंथाच्या कायद्यात बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाई तीस शेकेल आहे. रोकड त्याच्या निम्मीच, उरलेली भर धान्याची. ऐपत नसलेल्या माणसाने जमेल तसे जुळवून आणल्यासारखा हा व्यवहार वाटतो.

कायद्याने हे नाते केव्हाच संपायला हवे होते, आणि या कल्पनेचे सारे वजन इथेच आहे. व्यभिचाराला मृत्युदंड होता. काडीमोड घेऊन दुसरा नवरा केलेल्या स्त्रीला पहिल्या नवऱ्याने परत घेऊ नये, असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाचा कायद्याचा ग्रंथ बजावतो. हा ग्रंथ आजच्या रूपात होशेयानंतरचा असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. पण यिर्मया तिसऱ्या अध्यायात हाच नियम समोर ठेवून, असे असताना तू माझ्याकडे परत येणार का, असे विचारतो आणि थोड्याच ओळींनंतर ‘परत ये’ अशी हाक घालतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात नाते बापलेकाचे होते. लेकराला हाताला धरून चालायला शिकवले, वाकून भरवले, आणि तेच उलटले. बंडखोर मुलाला दगडमार करावा, हाही कायदाच. परमेश्वर मात्र शिक्षेच्या उंबरठ्यावर थबकतो : एफ्राईमा, मी तुला कसा सोडून देऊ? माझे हृदय पालटले आहे. मी देव आहे, मनुष्य नव्हे. अढळ देव शांत, निर्विकार असेल अशी आपली अपेक्षा असते. इथला देव स्वतःशी झगडून शब्द पाळतो, आणि माझ्या मते संदेष्ट्यांच्या साऱ्या वाङ्मयात निष्ठेचे याहून खोल चित्र नाही.

या निष्ठेसाठी होशेय ‘हेसेद’ हा शब्द वापरतो : करारातून येणारी, पण कराराच्या कलमांत न मावणारी माया. लोकांची हेसेद सकाळच्या धुक्यासारखी विरून जाते. देवाला यज्ञ नको, हेसेद हवी (६:४–६). मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हे वचन दोनदा उद्धृत करतो.

या रूपकाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुसऱ्या अध्यायात नवरा बायकोला उघडी करण्याची, कोंडून ठेवण्याची धमकी देतो. यहेज्केलाच्या १६ व्या आणि २३ व्या अध्यायांत ही हिंसा किती तरी वाढते. स्त्रीवादी अभ्यासकांनी यावर नेमके बोट ठेवले : देवाच्या जागी नवरा बसवला की मारझोडीलाही धर्माचा आधार मिळतो. त्यांचा आक्षेप बाजूला सारून हा ग्रंथ वाचता येत नाही. अस्वस्थता जुनीही आहे. यहेज्केलाचा १६ वा अध्याय सभास्थानात वाचू नये, असे रब्बी एलिएझर यांचे मत मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात नोंदलेले आहे.

उत्तरेचे राज्य पुन्हा उभे राहिले नाही. होशेयाची वचने यहूदा या दक्षिणेकडील राज्यात जपली गेली आणि तिथल्या लोकांनी ती स्वतःला लावून घेतली. ‘मी तुला कायमची वरीन’ हे दुसऱ्या अध्यायातले वचन ज्यू उपासक सकाळच्या प्रार्थनेत तेफिल्लीनचा (शास्त्रवचने ठेवलेल्या, अंगावर बांधायच्या चामडी डबीचा) पट्टा बोटाभोवती गुंडाळताना म्हणतात. ‘इस्राएला, परत फीर’ अशी सुरुवात असलेला चौदाव्या अध्यायातला भाग रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्यामधल्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये वाचला जातो.