आरएसआय तीसच्या खाली गेला म्हणून फोन करण्याआधी

दुपारी दीड-दोनला आमच्या शेअर ब्रोकिंगच्या ऑफिसातला फोन वाजला की बहुतेक वेळा प्रश्न ठरलेला: "आरएसआय तीसच्या खाली आलाय, घेऊन टाकू की?" (आरएसआय म्हणजे अलीकडच्या दिवसांत भाव किती वाढला आणि किती पडला यावरून काढलेला ० ते १०० मधला आकडा.) त्याच्या पाठोपाठ दुसरा: "माझ्या मोबाइलवर एकतीस दिसतोय, तुमच्याकडं अठ्ठावीस कसा?" दोन्हींची उत्तरं एकदा लिहून हातात द्यावीत म्हणून हे पत्रक. कँडल, स्टॉपलॉस, डिलिव्हरी हे तुम्हाला माहीत आहे असं धरलंय.

दुसरा प्रश्न आधी, तो लगेच मिटतो. तुमच्या मोबाइलवर बहुधा तासाचा चार्ट उघडा असतो, आमच्याकडे दिवसाचा. शिवाय बाजार चालू असताना आजची कँडल अपुरी असते. दीडला अठ्ठावीस दाखवणारा आरएसआय साडेतीनला चौतीसवर बंद होऊ शकतो, मग तो सिग्नल धरायचाच नाही. म्हणून आम्ही फोनवर पहिल्यांदा "चार्ट तासाचा, डे की वीकली?" असं विचारतो. काहींना ते टाळाटाळ वाटतं, पण त्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नसतो.

आता खरा घोटाळा. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली आरएसआय मांडला, त्यात १४ दिवसांचा हिशेब आणि ७० (भाव फार चढला) व ३० (भाव फार पडला) या रेषा आल्या. आपल्याकडे तीसची रेषा म्हणजे तळ असा समज पक्का झालाय. हिशेब करून बघा: सरासरी वाढीला वाढ आणि घट यांच्या बेरजेनं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. १४ दिवसांची रोजची सरासरी वाढ १ रुपया आणि सरासरी घट ४ रुपये असेल तर आरएसआय येतो २०. पुढचे १४ दिवसही हेच प्रमाण राहिलं तर आरएसआय २० वरच राहील आणि भाव मात्र ४२ रुपयांनी खाली गेलेला असेल. आकडा जागचा हलला नाही, पैसे गेले. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीला निफ्टी ११,२०० च्या आसपास होता, रोजचा आरएसआय तीसच्या खाली. तेव्हा "स्वस्त झालंय" म्हणून उडी घेतलेल्यांनी २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद होताना बघितला.

मग कशाची वाट बघायची? समजा शेअरने २०० चा तळ केला, तेव्हा आरएसआय २२. मग भाव २१४ पर्यंत वर आला आणि पुन्हा पडून १९० झाला, पण या वेळी आरएसआय २९ च्या खाली गेला नाही. भावाचा तळ खाली, आरएसआयचा तळ वर. यालाच डायव्हर्जन्स म्हणतात. याचा अर्थ विक्रीचा जोर कमी झाला, एवढाच. चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबला तर गाडी हळू होते, चढायला लागत नाही. म्हणून मधल्या २१४ च्या वर दिवस बंद झाल्यावरच वळण धरावं आणि स्टॉपलॉस १९० च्या खाली ठेवावा. १९० ला घेण्यापेक्षा चोवीस रुपये महाग पडतं, हे मान्य. ते परवडत नसेल तर कमी शेअर घ्या.

वरच्या बाजूला सत्तरचंही तसंच. जोरदार तेजीत आरएसआय आठवडेच्या आठवडे सत्तरवर बसतो आणि घाईनं विकलेला माणूस खालून बघत राहतो.

"आरएसआय, एमएसीडी, स्टोकॅस्टिक, तिन्ही एकच सांगतायत" असंही ऐकतो. एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक हे आरएसआयसारखेच चार्टवरचे आकडे. तिन्ही एकाच भावावरून काढलेले आहेत, सांगणारच. त्यापेक्षा व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते बघा. आणि बातमी बघा. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि साखरेचे शेअर धडाधड पडले. आपल्या भागात ऊस घालणाऱ्यांकडेच साखरेचे शेअर जास्त, त्यामुळे त्या आठवड्यात चार्टवर वळण शोधणारेही पुष्कळ. अशा वेळी आरएसआयला सरकारचा आदेश दिसत नाही, फक्त भाव दिसतो.

आम्ही "घ्या" किंवा "विका" का सांगत नाही, याबद्दल काहींची नाराजी आहे. आमची नोंदणी ब्रोकरचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आहे. शिफारस देण्याचा धंदा करायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, वेगळी नोंदणी लागते. टेलिग्रामवर फुकट टिप देणाऱ्याला त्याची नोंदणी विचारून बघा, काय उत्तर येतं ते. ऑर्डरही रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरच घेतो. व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा दाखवला तर ती ऑर्डर नव्हे.

चार्ट कसा वाचायचा ते मात्र मनापासून शिकवतो. शनिवारी सकाळी ऑफिसात बसतो, आमच्या खातेदारांना फी नाही. खानापूर, निपाणीहून येणाऱ्यांनी आधी फोन करावा. येताना मोबाइल आणि तुमच्याकडचे दोन शेअर ठरवून आणा. आरएसआय तीसच्या वर परत आल्यावर ॲपमधून सूचना येईल असा अलर्ट लावून देतो, म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायला नको. बरोबर कुणाला खातं उघडायला आणणार असाल तर पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा. ओटीपीवाचून काम अडतं.