नावावर नसलेली जमीन आणि स्टॉक्टनचा गुरुद्वारा

कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मोठं नगरकीर्तन निघतं. गुरु ग्रंथ साहिबाच्या रथामागे चालणाऱ्यांत आज बदामाच्या आणि पीचच्या बागांचे मालक असतात. त्यांच्याआधी इथे आलेल्या शीख शेतकऱ्यांच्या पिढीला मात्र स्वतःच्या नावावर जमीन ठेवणंसुद्धा कायद्याने नाकारलं होतं. या मिरवणुकीकडे बघताना ती पिढी आठवायलाच हवी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालंधर, होशियारपूर, अमृतसर भागातली शेतकरी घरातली माणसं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. कित्येक जण इंग्रजांच्या पलटणीत राहून आलेले. आधी वॉशिंग्टन राज्यातल्या लाकूड गिरण्यांत राबले. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने त्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. पुढे बरेच जण दक्षिणेला, कॅलिफोर्नियात, शेतीकडे वळले.

स्टॉक्टनजवळचा नदीमुखाचा प्रदेश म्हणजे बांध घालून दलदलीतून काढलेली जमीन. माती काळी, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची, वारा सुटला की डोळ्यांत जाणारी. तिथे बटाटा आणि अॅस्परॅगस होई. अॅस्परॅगसचा कोवळा कोंब मातीतून वर आला की लगेच कापावा लागतो. दिवसभर कमरेत वाकून, लांब सुरीने, एकेक कोंब. या मातीत ज्वाला सिंग आणि वसाखा सिंग यांनी भागीत बटाट्याची शेती उभी केली. १९१२ मध्ये ज्वाला सिंगांनी बर्कलेत शिकायला येणाऱ्या भारतीय मुलांसाठी गुरु गोविंद सिंगांच्या नावाने शिष्यवृत्त्या दिल्या. नाम जपावं, कष्टाचं खावं, वाटून खावं, ही त्यांच्या धर्माची शिकवण. बटाट्याच्या पैशाला त्यांनी तीच वाट दाखवली.

त्याच वर्षी स्टॉक्टनमध्ये गुरुद्वारा झाला. लंगर सगळ्यांना खुला. शेतमजुराला कामाची खबर तिथे मिळे, आजाऱ्याला अंथरूण मिळे, कागद वाचून घ्यायला माणूस मिळे.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा केला: नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाने शेतजमीन घ्यायची नाही. त्याचा मुख्य रोख जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असा निकाल दिला आणि पंजाबीही त्यात सापडले. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले शीख! मग जमीन ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर ठेवायची आणि कसायची आपण. सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातली धास्ती वेगळी सांगायला नको. समोरच्याने शब्द फिरवला तर दाद मागायची कुठे? म्हणूनच मला वाटतं, त्या माणसांना आपली म्हणता येईल अशी खात्रीची जागा स्टॉक्टनचा गुरुद्वाराच होती.

१९१३ मध्येच इंग्रजी सत्ता उलथून टाकण्यासाठी गदर चळवळ सुरू झाली, आणि तिला बळ दिलं ते याच शेतकऱ्यांनी, गिरणी कामगारांनी. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हे आपल्याकडचे दोघे त्यांच्याच खांद्याला खांदा लावून उभे होते. १९१४ मध्ये ज्वाला सिंग उभी शेती मागे टाकून लढायला मायदेशी निघाले. त्यांना अटक झाली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पिंगळ्यांना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी दिलं.

१९१७ च्या कायद्याने भारतातून नवी माणसं येणं जवळजवळ थांबलं. बायका-मुलं पंजाबातच राहिली. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाच्या इंपीरियल खोऱ्यात अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. मुलं आईबरोबर चर्चमध्ये जात, बाप गुरुद्वाऱ्यात जाई, आणि घरात दोन्ही देव नांदत.

दलीप सिंग सौंद १९२० मध्ये शिकायला आले, ते गुरुद्वाऱ्याने बर्कलेत विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या घरात राहिले. डॉक्टरेट मिळवूनही त्यांनी इंपीरियल खोऱ्यात शेतीच केली. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा कायदा बदलला, तेव्हा वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश मिळू लागला. सौंद नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. विशीत आलेले कित्येक शेतकरी तोवर म्हातारे झाले होते, आणि काहींचं गाव फाळणीने सरहद्दीपलीकडे गेलं होतं.